कुणाच्या वाट्याला किती वाक्यं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: पाचवी ते सातवीची मुलं बहुतेक वेळा एकाच खोलीत बसतात. इंग्रजी वाचतात, फळ्यावरचं उतरवून घेतात, पण तोंड उघडत नाहीत. गोष्टी आणि नाटकातून इंग्रजी शिकवावं आणि त्याच ओघात जात, मुलगा-मुलगी, गरिबी यांतल्या भेदांवरही बोलावं असं वाटतं. कुठल्या गोष्टी घ्याव्यात, सुरुवात कशी करावी, बोलतच नाही त्या मुलाचं काय करावं, आणि पालक "अभ्यास सोडून नाटकं कसली?" म्हणाले तर काय सांगावं?

बाई, आधी एकच मुद्दा सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाटकातून मूल इंग्रजी शिकतं ते त्याच्या वाट्याला आलेल्या वाक्यांतून. ज्याला राजा केलं त्याला पंधरा वाक्यं मिळाली, ज्याला झाड केलं त्याला एकही नाही. आता तुमच्या शाळेच्या मागच्या चार-पाच गॅदरिंगांमध्ये झाड कोण होतं, पडदा कुणी ओढला, पालखीचे भोई कोण होते हे आठवून बघा. आणि राजा, राणी, निवेदक कोण होते तेही. बहुतेक शाळांत ही विभागणी आडनावं बघून केलेली नसते, तरी उत्तर आडनावांप्रमाणेच येतं. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत तो स्पष्ट बोलतो, म्हणून त्याला मोठं काम, आणि मोठं काम मिळालं म्हणून तो आणखी स्पष्ट बोलतो. तेव्हा इंग्रजी आणि सामाजिक न्याय हे दोन वेगळे विषय धरून एक नाटक त्यांच्यात वाटायचं, असं करू नका. दोन्हींचा निकाल एकाच कागदावर लागतो: कुणाला कोणतं काम आणि किती वाक्यं. समतेवरचं भाषण राजा झालेल्या मुलाच्या तोंडी घालून झाडाला उभं ठेवलं, तर मुलं भाषण विसरतात आणि झाड लक्षात ठेवतात.

गोष्टींचं बोलायचं तर 'बोधपर' म्हणून छापलेल्या गोष्टी सुरुवातीला बाजूला ठेवा. त्यांत उत्तर आधीच दिलेलं असतं आणि मुलांना ते पहिल्या ओळीलाच कळतं. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी घ्या. अर्थ मुलांच्या घरचाच असल्यामुळे नवं असतं ते फक्त इंग्रजी. दुसरं म्हणजे या गोष्टींत तीच तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि भाषा शिकायला त्याहून चांगलं साधन नाही. म्हातारी "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन" म्हणते तेव्हा तिच्या त्या तीन ओळींत 'आय विल' चा अख्खा धडा आहे. वाघ, कोल्हा, अस्वल जो भेटेल त्याला ती तेच सांगते, आणि वर्गातलं प्रत्येक मूल एकदा म्हातारी होऊ शकतं.

पण मी नव्या वर्गाला नेहमी उंदराच्या टोपीपासून सुरुवात करतो. आपल्याकडे सांगतात ती गोष्ट अशी: उंदराला कापडाचा तुकडा सापडतो. तो धोब्याकडे जाऊन म्हणतो, धुऊन दे. रंगाऱ्याला म्हणतो, रंगवून दे. शिंप्याला म्हणतो, टोपी शिवून दे, गोंडे लावून दे. कुणी नाही म्हटलं की धमकी ठरलेली: कचेरीत जाईन, चार शिपाई आणीन, तुला मार देववीन, मी उभा राहून तमाशा बघीन. मग टोपी घालून ढुमढुम ढोलकं वाजवत तो राजवाड्यासमोर जातो. राजा टोपी हिसकावून घेतो. उंदीर ओरडत सुटतो, राजा भिकारी, माझी टोपी घेतली. राजा वैतागून टोपी फेकून देतो, तर उंदीर म्हणतो, राजा मला भ्याला, माझी टोपी दिली.

लहानपणापासून आपण या गोष्टीत उंदराच्या बाजूने असतो. एवढासा उंदीर राजाला नमवतो, मजा वाटते. वर्गात ती उभी करायला लागलं की मात्र मुलं धोब्याच्या आणि शिंप्याच्या जागी उभी राहतात, आणि तिथून गोष्ट वेगळीच दिसते.

पहिल्या तासाला गोष्ट मराठीतच सांगा, शक्य असेल तर एखाद्या मुलालाच सांगू द्या. दुसऱ्या तासाला फक्त चार इंग्रजी वाक्यं आणा. "वॉश माय क्लॉथ." "नो, आय अॅम बिझी." "आय विल कॉल द सोल्जर्स." "ओके, ओके, आय विल वॉश इट." रंगाऱ्याकडे 'वॉश' च्या जागी 'डाय' येतो, शिंप्याकडे 'स्टिच'. एवढ्यावर वर्ग जोडीजोडीने पाच मिनिटं बोलू शकतो. प्रत्येक जोडीने नंतर अदलाबदल करायची, म्हणजे प्रत्येक मूल एकदा हुकूम सोडतं आणि एकदा हुकूम झेलतं. अदलाबदल झाल्यावर चेहऱ्यांकडे बघा. पुढच्या चर्चेचा विषय तुम्हाला तिथेच मिळेल.

एका शाळेत रंगाऱ्याचं काम करणारी सहावीतली मुलगी इथेच अडून बसली. "फुकटात कशाला रंगवायचं? रंग काय फुकट मिळूलालाय?" मी म्हटलं, हेच त्या उंदराला इंग्रजीत सांग. तिच्याकडे तीन शब्द होते. "कलर... मनी. गिव्ह मनी." शेजारच्या पोराने 'फर्स्ट' जोडलं. फळ्यावर वाक्य लिहिलं: "गिव्ह मी द मनी फर्स्ट." त्या दिवशी मग धोबीही पैसे मागायला लागला आणि शिंपीही. "हाऊ मच?" आलं, "टेन रुपीज" आलं, "आय हॅव नो मनी" आलं. उंदीर झालेला मुलगा रडकुंडीला आला, कारण त्याच्या संहितेत पैसेच नव्हते. वाक्य पुस्तकातून आलेलं नव्हतं, तिला खरोखर काहीतरी म्हणायचं होतं म्हणून आलं. असं आलेलं वाक्य मूल विसरत नाही.

मग प्रश्न विचारायचा: उंदीर चांगला की वाईट? इथे मराठी खुशाल बोलू द्या. ही अट मी कधीच सोडत नाही: संवाद इंग्रजीत, चर्चा मुलांच्या भाषेत. अन्याय कुठे होतोय याचा विचार दहा-वीस इंग्रजी शब्दांत होत नाही. चर्चाही इंग्रजीतच हवी असा हट्ट धरला, तर ज्यांचं इंग्रजी बरं आहे तीच दोन मुलं बोलतील आणि न्यायाचे निवाडेही त्यांचेच होतील. मराठीत खूप बोलून झालं की त्यातलं एक वाक्य निवडायचं, वर्गाने मिळून ते इंग्रजीत बसवायचं आणि नाटकात घालायचं. असं करत करत संहिता वाढते. तुम्ही लिहिलेलं नाटक मुलांनी नुसतं पाठ करायचं, यात तो जोर नाही.

उंदरावर वर्ग दुभंगतो, आणि दुभंगायलाच हवा. राजाला भिकारी म्हणायची हिंमत त्याच्यात आहे. पण तोच उंदीर गरिबांना शिपायांचा धाक दाखवून फुकट राबवून घेतो. वरच्यापुढे न झुकणारा माणूस खालच्यांना तुडवू शकतो, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला फार चांगली कळते. त्याने ती घरात, गल्लीत, शाळेच्या पटांगणावर पाहिलेली असते. निपाणीकडच्या वर्गात तर मजुरीचा मुद्दा समजवावा लागत नाही. आई नाहीतर आजी विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मेहनत फुकट गेलेली. त्याच निपाणीत 1981 साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्ता अडवला होता. त्या पिढीतलं कुणी गावात भेटलं तर वर्गात बोलवा. मुलांना प्रश्न आधी लिहून आणू द्या, उत्तरं मराठीत ऐकू द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर इंग्रजीत पाच वाक्यं.

यापुढची पायरी ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. 1970 च्या दशकात त्यांनी 'पीडितांची रंगभूमी' ही पद्धत मांडली, आणि त्यातलं 'फोरम थिएटर' शाळेत छान चालतं. प्रसंग एकदा शेवटपर्यंत करायचा, अन्याय होऊ द्यायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांतलं कुणीही "स्टॉप!" म्हणून उठतं, एका पात्राच्या जागी उभं राहतं आणि वेगळं काही करून बघतं. यात बोआलचा एक नियम आहे, तो काटेकोर पाळा: जागा घ्यायची ती सोसणाऱ्याची, छळणाऱ्याची नाही. उंदराच्या जागी जाऊन "मी आता चांगला झालो, हे घ्या पैसे" म्हणणं मुलांना सोपं वाटतं, पण खऱ्या आयुष्यात छळणारा असा एकाएकी बदलत नाही. शिंप्याच्या जागी जा आणि बघ तुला काय करता येतं. मुलं खूप काही करून बघतात. कुणी पळून जातं, कुणी खोटं बोलतं, कुणी टोपी शिवतं पण मुद्दाम लहान शिवतं. कधीतरी कुणीतरी धोबी, रंगारी आणि शिंपी या तिघांना एकत्र आणतं, "वी विल ऑल गो टु द किंग." मग राजाकडे गेल्यावर काय होतं? राजा ऐकेलच असं नाही. पुढचा तास तिथून.

इंग्रजीच्या चुकांबद्दल. प्रसंग चालू असताना थांबवून दुरुस्ती करायची नाही, कधीही नाही. मूल "ही डिड नॉट पेड" म्हणेल, "किंग टेक माय कॅप" म्हणेल. वहीत टिपून ठेवा. आपल्या मुलांच्या ठरावीक चुका मोजक्याच असतात: 'डिड' नंतर पुन्हा भूतकाळ, 'ही' नंतर 'एस' गाळणं, 'द' कुठे लावायचा याचा गोंधळ. दुसऱ्या दिवशी त्यातली एकच चूक उचला आणि ती झिलकऱ्यांच्या हवाली करा. पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारे असतात तसे वर्गात पाच-सहा जण ठेवा. उंदीर म्हणाला, "ही डिड नॉट पे", की त्यांनी ढोलकीच्या किंवा बाकाच्या ठेक्यावर तीनदा म्हणायचं, "ही डिड नॉट पे, ही डिड नॉट पे, जी जी रं जी!" बरोबर रूप कानात बसतं, आणि इंग्रजी वाक्यात जोर कुठे येतो हेही ठेक्यामुळे आपोआप कळतं. व्याकरणाच्या वहीत हे दहा पानांतही साधत नाही.

बोलतच नाही त्या मुलाची पहिली जागाही ही झीलच. एकट्याने बोलायची भीती असते, सहा जणांत नसते. मात्र तिथे त्याला कायमचं ठेवायचं नाही. आठवड्याने झिलीतल्या प्रत्येकाला एक ओळ एकट्याने द्यायची, मग दोन. मी एक तक्ता ठेवतो: नावापुढे प्रत्येक आठवड्याला एकट्याने बोललेल्या वाक्यांची संख्या. तक्ता भिंतीवर लावत नाही, तो माझ्यासाठी असतो. महिनाभरात कोण मागे राहिलं ते त्यात लपत नाही, आणि पुढच्या कामांची वाटणी त्यावरून होते.

कामं वाटताना चिठ्ठ्या टाका. उंच मुलगा उंदीर, बुटकी मुलगी राजा, असं झालं तर फारच चांगलं. दोन गोष्टी मात्र चिठ्ठीवर सोडू नका. ज्या समाजाला गावात झाडण्याचं, चामड्याचं, धुण्याचं काम जबरदस्तीने चिकटवलं गेलं, त्या घरातल्या मुलावर नेमकं तेच पात्र आलं तर गुपचूप बदला. आणि गोरी मुलगी राणी, सावळी मुलगी दासी हा प्रकार स्वतःहून मोडा, हे शेवटी पालकही बघत असतात. प्रत्येक पात्र दोन मुलांना द्या. आपल्याकडे अथणी, चिकोडी, निपाणी पट्ट्यात ऊस तोडणीच्या हंगामात काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, आणि बीडकडून आलेल्या टोळ्यांमधली मुलं मधूनच वर्गात येतात. पात्र एकाकडेच असेल तर मूल गेल्यावर नाटक अडतं, आणि आलेल्या नव्या मुलाला जागाच नसते. जोडी असली की नवं मूल दुसऱ्या दिवशीच नाटकात आलेलं असतं.

चिऊ-काऊची गोष्ट यानंतर घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पावसात कावळ्याचं वाहून जातं आणि तो दाराशी उभा राहून म्हणतो, चिमणाताई, दार उघड. ती म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते. इंग्रजी किती सोपं आहे बघा: "प्लीज ओपन द डोअर." "वेट, आय अॅम वॉशिंग माय बेबी." चालू वर्तमानकाळ यापेक्षा सरळ कुठे सापडेल? गाभ्यात मात्र कठीण प्रश्न आहे. काळा, घाणेरड्या घराचा तो बाहेर, आणि नीटनेटकी ती आत. घर शेणाचं का होतं? मेण कुणाला मिळतं? मुलांनी विचारलं नाही तर तुम्ही घाई करू नका. एका मुलाला खरंच दाराबाहेर उभं करा, वर्ग आत, दार बंद, आणि त्याने दहा वेळा विनवणी करायची. आत बसलेल्यांना नंतर विचारा, पाचव्या हाकेला काय वाटलं. मात्र रोज ज्याला खेळात घेत नाहीत त्याला बाहेर उभं करायचं नाही. आधी तुम्ही स्वतः उभ्या राहा.

शिक्षकाने स्वतः पात्र होणं ही तर वेगळी ताकद आहे. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी आयुष्यभर हे केलं. यात शिक्षकाने घ्यायचं पात्र सहसा खालच्या पायरीचं, ज्याला मदत लागते असं. तुम्ही नवी आलेली मुलगी व्हा, जिला मराठी येत नाही, कन्नड येत नाही, फक्त थोडं इंग्रजी येतं. आता शाळेत स्वच्छतागृह कुठे, जेवण कधी, बाकावर कुठे बसू, हे सगळं मुलांनी तुम्हाला सांगायचं. रोज गप्प बसणारी मुलं इथे पुढे होतात, कारण पहिल्यांदाच बाईंना काही येत नाही आणि त्यांना येतं.

सीमाभागाचं वेगळं असं काय, तर आपली मुलं तीन-चार भाषांत वावरतात. घरात मराठी, एसटीत आणि कचेरीत कन्नड, दोस्तांत दखनी, खानापूरकडे कुठे कुठे कोकणी. 1956 ची राज्यपुनर्रचना, सीमावादावर 1966 साली नेमलेला महाजन आयोग, हे घराघरांत बोललं जातं, मुलं ऐकतात. तो वाद लहान मुलांकडून रंगमंचावर भांडवून घेऊ नका. पण भाषेमुळे रोज कुणाची अडचण होते हा प्रसंग मुलांचा स्वतःचा आहे, तो जरूर करा. मला बसचा प्रसंग फार उपयोगी पडलाय. जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. महाराष्ट्रात एसटीने त्याच वर्षी मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट केलं. आता बसमध्ये खानापूरची आई आणि तिच्याकडे पाहुणी आलेली चंदगडची मावशी शेजारी बसल्यात. सख्ख्या बहिणी, एकीला तिकीट शून्य, दुसरीला पूर्ण. कंडक्टर मावशीशी कन्नडमध्ये बोलतो, तिला कळत नाही. मागे एक बाबा उभे, "आमच्या पैशावर फुकट फिरतात" म्हणणारे. समोर एक मुलगी, जी या तिकिटामुळेच बेळगावला कॉलेजला जाऊ शकते.

"वेअर डू यू वॉन्ट टू गो?" "शो युअर कार्ड." "आय अॅम फ्रॉम चंदगड." "शी इज माय सिस्टर!" "इज धिस फेअर?" या शेवटच्या प्रश्नावर वर्ग तासभर भांडतो. सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय, की ज्याची अडचण जास्त त्याला जास्त देणं? बाबांचं म्हणणं मांडणारा मुलगाही हवा, आणि त्याला चांगली वाक्यं द्या. एकाच बाजूला सगळी वाक्यं दिली की चर्चा संपते. वर्गात कन्नड घरातली मुलं असतील तर कंडक्टरची कन्नड त्यांच्याकडूनच शिकून घ्या. त्या दिवशी ती मुलं सगळ्यांची शिक्षक असतात.

आता जपण्याच्या गोष्टी. यल्लम्माची सौंदत्ती आपल्या जिल्ह्यात आहे. देवदासी प्रथेवर कर्नाटकात 1982 च्या कायद्याने बंदी आली, पण त्या प्रथेत ढकलल्या गेलेल्या बायका आजही आहेत, आणि त्यांची नातवंडं तुमच्या वर्गात असू शकतात. बालविवाहाचंही तसंच. या विषयांवर पात्रं प्राण्यांची किंवा दूरच्या गावची ठेवा, आणि "तुमच्या घरी असं झालंय का?" हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नका. मुलाने आपणहून गोष्टीच्या आडून सांगितलं तर सांगू द्या, पण तिथे सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. नंतर एकट्याने शांतपणे ऐका. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर मुख्याध्यापकांना सांगून 1098 या बाल मदतवाणीला कळवा. नाटक मुलाला बोलतं करतं, तेव्हा ऐकल्यानंतरची जबाबदारीही आपल्यावर येते.

शिक्षण आणि नाटक यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं ते अडाणी ठेवलेल्या कुणबी जोडप्याची लूट दाखवायला, आणि शेवटी ते नवराबायको शिकायला निघतात. मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं होतं. त्यात एक विदूषक आहे, मधे मधे येऊन टोकणारा. हे पात्र तुमच्या प्रत्येक नाटकात ठेवा. तो प्रेक्षकांकडे वळून विचारतो, "डिड द माऊस पे?" आणि प्रेक्षक ओरडतात, "नो!" त्यामुळे बाकांवर बसलेल्यांनाही वाक्य मिळतं.

वाचायला गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' वर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्याच त्या चित्रगोष्टी मोफत मिळतात. पातळीप्रमाणे निवडा, पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या घ्या. एकाच गोष्टीच्या तीन प्रती शेजारी ठेवून वाचणं आपल्या मुलांना इतरांपेक्षा सोपं जातं.

पालकांचं म्हणणं चुकीचं नाही. इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी रोज दारावरून जाते, आणि आपलं मूल मागे राहील ही त्यांची भीती खरी आहे. त्यांना तत्त्व सांगू नका, पुरावा दाखवा. प्रत्येक मुलाची एक वेगळी वही करा, 'माझी वाक्यं' म्हणून. त्यात फक्त त्याने नाटकात स्वतः बोललेली इंग्रजी वाक्यं, तारखेसह. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीला वही आईच्या हातात द्या आणि मुलाला त्यातली चार म्हणायला सांगा. वाचता न येणाऱ्या आईलाही ती वही भरत चाललेली दिसते. तपासणीला अधिकारी आले तर मुलाला विचारा, "तू शिंपी आहेस, आजचा दिवस सांग." दोन मिनिटं बोललं तर त्याची परीक्षा झाली. संहिता घोकून घेतलेली असेल तर तेही दोन मिनिटांतच कळतं.

गॅदरिंगचं नाटक आणि वर्गातलं नाटक यांची गल्लत होऊ देऊ नका. गॅदरिंगला कपडे, माईक, तालमी यात महिना जातो, आणि मुख्य कामं पुन्हा त्याच तीन मुलांकडे जातात, कारण पाहुण्यांसमोर चूक नको असते. आठवड्याचे दोन तास, वर्गातच, कपडे नाहीत, एक टोपी आणि एक ढोलकं, असं वर्षभर चालू ठेवा. गॅदरिंगला काही दाखवावंच लागलं तर उंदराची टोपी फोरमसकट दाखवा. पहिला फेरा मुलांनी करायचा, आणि "स्टॉप!" म्हणायला गावकऱ्यांना सांगायचं. शिंप्याच्या जागी उभं राहायला गावातली कुणी आत्या, कुणी ऊसतोडीला जाणारे मामा उठले, तर त्यांचं इंग्रजीचं वाक्य झिलकरी पुरवतील. वाक्य पुरवायचं ते काम मात्र त्या वर्षी ज्यांच्या तक्त्यात सगळ्यात कमी वाक्यं आहेत त्यांनाच द्या.